एलायझाचा पाचवा अंक

'सिरी' २०११ मध्ये आणि 'अलेक्सा' २०१४ मध्ये अमेरिकेत बोलू लागली ती स्त्रीच्या आवाजात. असे का, या प्रश्नाचे रूढ उत्तर ग्राहकांच्या पसंतीचे आहे : बाईचा आवाज मऊ व आश्वासक वाटतो, म्हणून कंपन्यांनी तो निवडला. हे उत्तर खोटे नाही. पण ते प्रश्नाचीच पुनरुक्ती करते. ही पसंती घडते कोठे? १८७८ साली बॉस्टनच्या टेलिफोन केंद्रात उद्धट पोरांच्या जागी एमा नट हिला नेमले गेले आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला 'जोडून देणारी' बाई असते हा संकेत पुढे रुजला, असे सामाजिक इतिहास सांगतो. साहित्यसमीक्षेला या प्रश्नात शिरण्याची आणखी एक वाट आहे. ती आवाजापाशी नव्हे, नावापाशी सुरू होते.

१९६६ मध्ये एमआयटीतील जोसेफ वायझेनबाउम यांनी माणसाशी संभाषण करणारी एक संगणकीय आज्ञावली प्रसिद्ध केली. तिला कंठ नव्हता. टंकयंत्रावर उमटणारी अक्षरे एवढेच तिचे बोलणे. तरीही तिचे नाव 'एलायझा' होते. शॉच्या 'पिग्मॅलियन'मधील फुलवालीप्रमाणे हिचे बोलणेही शिकवावे तसे सुधारत जाते, हे साम्य वायझेनबाउम यांनीच नोंदवले आहे. म्हणजे यंत्राला बाईचा आवाज मिळण्याच्या कितीतरी आधी त्याला बाईची जागा मिळालेली होती. स्वरमाधुर्यावर बेतलेली सगळी स्पष्टीकरणे येथे अपुरी पडतात.

परंतु हे नाव उचलताना नाटकातून काय घेतले गेले आणि काय वगळले गेले? शॉच्या नाटकाला पाच अंक आहेत. चौथ्या अंकात एलायझा हिगिन्सला त्याच्याच सपाता फेकून मारते. पाचव्यात ती त्याची विद्या इतरांना शिकवण्याची, इतकेच नव्हे तर त्याच्या प्रतिस्पर्ध्याची साहाय्यक होण्याची धमकी देते. ('असिस्टंट' हा शब्द मूळ नाटकात बंडाच्या वाक्यात येतो, ही गंमत सहज ध्यानात येत नाही.) पुढे शॉने छापील नाटकाला उत्तरकथन जोडले आणि तिचा विवाह हिगिन्सशी नव्हे, फ्रेडीशी लावला. आज्ञावलीने यातले शिकवणीचे अंक तेवढे घेतले. निघून जाण्याचा अंक तिच्या संहितेत नाही.

मूळ मिथकात तर तो अंक संभवतच नाही. ओव्हिडच्या काव्यात हस्तिदंती पुतळी सजीव होते, चुंबनाने लाजते, डोळे उघडून प्रियकराला पाहते. बोलत मात्र नाही. तिला नावसुद्धा नाही. युनेस्कोने २०१९ मध्ये या यंत्रवाणीतील लिंगभेदावर प्रसिद्ध केलेल्या अहवालाचे शीर्षक शिवी ऐकल्यावर 'सिरी' देत असे त्या उत्तरावरून घेतले होते. शक्य असते तर मी लाजले असते, असा त्याचा आशय. पुतळी लाजते पण बोलत नाही. यंत्र बोलते आणि लाजता येत नाही म्हणून जणू दिलगिरी व्यक्त करते. दोन्हीकडे ज्याने चुंबन घेतले वा शिवी दिली त्याचा प्रतिवाद होत नाही.

मराठी वाचकाला येथे 'ती फुलराणी' आठवणे अपरिहार्य आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या या रूपांतरात नायिकेचे नाव मंजुळा आहे, म्हणजे आवाजाचेच विशेषण. पण भक्ती बर्वे यांच्या मंजुळेचे मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात काय राहिले? तिची कमावलेली प्रमाणभाषा नव्हे, तर मास्तरावर सूड उगवण्याची प्रतिज्ञा करणारे तिचे स्वगत. स्वगत म्हणजे कोणीही न विचारता केलेले बोलणे. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रश्नाचे मर्म येथे आहे. डिजिटल साहाय्यिकेला सर्व काही दिले गेले, स्वगत दिले गेले नाही. नाव घेऊन हाक मारल्याखेरीज ती बोलत नाही, आणि उत्तर संपले की ती उरत नाही. तिच्याकडे वाचा आहे, वक्तेपण नाही.

यावर आक्षेप येऊ शकतो की २०११ मध्ये ब्रिटनमधील 'सिरी'चा आवाज पुरुषाचा होता. आक्षेप वजनदार आहे, पण त्यातून उलटेच सिद्ध होते. बटलरची दीर्घ वाङ्मयीन परंपरा असलेल्या समाजात सेवकाच्या जागी पुरुष सहज बसतो; स्थिर राहते ती जागा. याउलट १९६८ च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' या चित्रपटात आज्ञा नाकारणाऱ्या हॅल या यंत्राला डग्लस रेन यांचा पुरुषी आवाज आहे. २०२१ मध्ये ॲपलने इंग्रजी 'सिरी'साठी आधीच ठरलेला आवाज काढून निवड वापरणाऱ्यावर सोपवली, अलेक्सालाही पुरुषी आवाजाचा पर्याय आला. दुरुस्ती स्वागतार्ह आहे. तिने पात्र बदलले, भूमिका नाही.

आवाज देणाऱ्या बाईचे काय? सुझन बेनेट यांनी २००५ मध्ये एका कंपनीसाठी वाक्यांचे ध्वनिमुद्रण केले. तोच आवाज पुढे अमेरिकेत 'सिरी' म्हणून ऐकू येणार आहे, याची त्यांना त्या वेळी कल्पना नव्हती.

गुगलचा साहाय्यक २०१८ मध्ये मराठी बोलू लागला, तेव्हा हा प्रश्न आपल्या व्याकरणात शिरला. इंग्रजीतला 'मी' लिंग लपवू शकतो. मराठीत 'मी सांगते' किंवा 'मी सांगतो' यांपैकी एक निवडावेच लागते. मराठीत नपुंसकलिंग आहे, यंत्र हा शब्दही नपुंसकलिंगीच; पण त्याच्याविषयी 'ते सांगते' असे बोलता येते, त्याला स्वतःला नपुंसकलिंगी 'मी' म्हणता येत नाही. 'मला वाटते', 'मी सांगेन', 'मी ऐकले' अशा चोरवाटा आहेत आणि वाक्यरचना करणारे त्या वापरू शकतील. पण वर्तमानकाळात, 'मी करते' किंवा 'मी करतो' असे साधे कर्तरी वाक्य उच्चारायची वेळ आली, की मराठी त्या यंत्राला कोणा एकाच्या जागी उभे करतेच.