व्यक्तिचित्र की पदचित्र? : उस्मानी दरबारातील सेवकांची जलरंगचित्रे

सतराव्या शतकात इस्तंबूलला आलेले युरोपीय वकील व प्रवासी मायदेशी परतताना वेषभूषाचित्रांचे छोटे संग्रह बरोबर नेत असत. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याचा १६१८ चा संग्रह ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. स्वीडनचा वकील क्लास रोलांब याने १६५७-५८ मध्ये मिळविलेला १२१ चित्रांचा संग्रह स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. अशा संग्रहांतील सुलतानाच्या सेवकांच्या चित्रांना 'व्यक्तिचित्रे' म्हणण्याचा प्रघात आहे. तो कितपत युक्त आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या चित्रांत एका पानावर एकच आकृती असते. मागे कोरा कागद. चेहरे ठरावीक वळणाचे. रेषेची सारी सावधगिरी शिरोभूषणावर व वस्त्रांवर खर्च झालेली. 'पेय्क' या पायदळ सेवकाचे सोनेरी शिरस्त्राण आणि 'सोलाक' या धनुर्धर रक्षकाच्या टोपीवरील पिसांचा तुरा ही याची ठळक उदाहरणे होत. उस्मानी दरबारात शिरोभूषण हीच पदाची खूण होती. तेव्हा चेहऱ्याकडील दुर्लक्ष हा कौशल्याचा अभाव मानता येत नाही.

दरबारी चित्रकार लेव्नी याच्या १७२० च्या सुंता-सोहळ्यावरील चित्रांशी तुलना केली असता खरा भेद ध्यानात येतो. तेथे सेवक रांगेत उभा आहे. सुलतानापासूनच्या अंतरावरून त्याची पायरी कळते. परदेशी गिऱ्हाइकासाठी काढलेल्या चित्रात ही रांग मोडली. एकट्या पडलेल्या सेवकाला ओळख देण्याचे काम मग परभाषेतील टीपेकडे आले. परंतु ती टीप सहसा पद सांगते, नाव सांगत नाही.

तुर्की अभ्यासक मेतिन अन्द यांनी या चित्रकारांना 'बाजारचित्रकार' म्हटले आहे. एकच आकृती अनेक संग्रहांत उतरविली जाण्याचे कारण या व्यवसायातच आहे. म्हणूनच संग्रहाचे साल तेच पोशाखाचे साल, असे गृहीत धरणे धोक्याचे ठरते. १८२९ च्या वेषनियमाने जुने दरबारी पोशाख मागे पडले; त्यामुळे या चित्रांचे साधनमूल्य मोठे आहे, पण त्यांची साक्ष उलटतपासणीनंतरच स्वीकारावी लागते.

सारांश, यांना 'पदचित्रे' म्हणणे अधिक सयुक्तिक होय. 'व्यक्तिचित्र' म्हटल्याने सेवकाला व्यक्तित्व लाभत नाही. ते त्याला नाकारले गेले होते, एवढे मात्र झाकले जाते.