‘वाटचाल’ : व्याख्या आणि पंगत

आषाढी जवळ आली की इरावतीबाई कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखाची आठवण निघते. ‘परिपूर्ती’ या संग्रहातला हा लेख व्याख्यानांत सांगितला जातो, पण बहुधा एका वाक्यापुरता. पंढरीला जाणाऱ्या लोकांचा मुलूख तो महाराष्ट्र, असा त्या वाक्याचा आशय. हल्ली आपले कोण आणि उपरे कोण हा वाद उठतो, तेव्हाही हेच वाक्य साक्षीला उभे करतात. लेख सबंध वाचला तर ही साक्ष उलटते.

माउलींच्या पालखीबरोबर चालताना बाईंना पुणे, जुन्नर, सातारा, मोगलाईकडची माणसे भेटली. वाटेत खानदेश, नाशिक, वऱ्हाडची मंडळी मिळत गेली. बोली निरनिराळ्या, अभंग तेच. राज्याचा नकाशा 1960 साली झाला. बाईंना तो त्याआधीच पायांखाली सापडला होता. आणि सापडला तो कोणाला? बाईंचा जन्म 1905 सालचा, ब्रह्मदेशातला. वडील नोकरीनिमित्त तिकडे होते. मुलीचे नाव ठेवले तिथल्या नदीचे. सातव्या वर्षी शिक्षणासाठी ती पुण्यात आली. पुढे बाई बर्लिनला गेल्या, ते वंशाचे श्रेष्ठत्व कवटीवरून ठरवू पाहणाऱ्यांच्या काळात. तिथे त्यांनी कवट्या मोजल्या, आणि तसा भेद त्यांना मोजमापात मिळाला नाही. त्यांच्या व्याख्येत जन्माचा दाखला नाही, चालणे आहे, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही.

तरी व्याख्येत फट आहे. वारीला न येणाऱ्यांचे काय? चोखोबांना पायरीपाशी थांबवले. साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा, 1947 साली, मंदिराची दारे सर्वांना उघडली. 1956 नंतर बौद्ध झालेल्यांपैकी पुष्कळांनी पंढरीची वाट सोडली. त्यांना महाराष्ट्राबाहेर घालणार काय? उलट बाजूने, कर्नाटकातून कानडी बोलत येणारा वारकरी या व्याख्येत कुठे बसवायचा? माउलींनी तर खुद्द देवालाच कानडा म्हटले आहे. चालणारा मराठी बोलतो हे बाईंनी गृहीत धरले, तपासले नाही. एवढ्या चिकित्सक लेखिकेकडून ही उणीव खटकते.

परदेशी स्थायिक झालेल्यांची मुले आषाढीला तिथल्या बागेत दिंडी काढतात. टाळ घेतलेल्या नातवंडांची छायाचित्रे आपण कौतुकाने गावभर दाखवतो. तिथल्या कोणी त्यांना ‘आपल्या देशी परत जा’ म्हटले तर आपला जीव तुटतो, आणि तो तुटायलाच हवा. मग पुण्या-मुंबईत आपल्याच इमारतींच्या विटा वाहणाऱ्या बिहारी मजुराला तेच शब्द ऐकवताना जीव का तुटत नाही?

लेखातली खरी पाने याहून पुढची आहेत. एकाच दिंडीत ब्राह्मणांचा आणि मराठ्यांचा स्वयंपाक निराळा, पंगत निराळी. दिवसभर एका तालावर गायचे आणि तळावर पोचले की दोन चुली मांडायच्या. हे सोवळे दोन्हीकडच्यांना परंपराच वाटत होते, आणि परंपरा तर ते होतेच. बाई रोज हळहळतात. सगळेच आंघोळ करून जेवणारे, मग हा दुरावा कशाला, असे त्या विचारतात. एकत्र चालणे, गाणे हे परलोकीच्या ऐक्यापुरतेच काय, हा त्यांचा प्रश्न आपल्या संप्रदायाला बोचणारा आहे. त्यात आकस नाही; सोबत चालणाऱ्या बाईची ती तळमळ आहे. म्हणजे व्याख्या ज्यांना ‘आपले’ म्हणते त्यांच्यातच पाने दोन होती, आणि हे लेखिकेनेच लिहून ठेवले आहे. व्याख्या मिरवणारे इथवर क्वचित येतात.

पुढे बाई मराठा बायांच्या पंगतीत जेवल्या. त्यानंतर त्या बाया शेजारून चालू लागल्या, हात धरून घरची सुखदुःखे सांगू लागल्या, शेवटी ‘ताई’ म्हणू लागल्या. गोपाळपूरच्या काल्याचे कीर्तन करणाऱ्या माउलींनी यंदा हे पान एकदा फडावर सांगावे.