‘इंदरसभा’ ते ‘शाकुंतल’ : पारशी रंगभूमीचे ऋण आणि मराठी संगीत नाटक

प्रास्ताविक

मराठी नाटकाच्या इतिहासात एक विधान हमखास आढळते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात एका पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ हे नाटक पाहिले आणि त्यावरून त्यांना ‘शाकुंतल’ संगीतात करण्याची प्रेरणा झाली, असे ते विधान. ते खरे आहे. मात्र चर्चा बहुधा तेथेच थांबते. ते नाटक मुळात कोणत्या भाषेतले, त्याचा कर्ता कोण, त्यातून किर्लोस्करांनी नेमके काय घेतले आणि काय नाकारले, हे प्रश्न मागे राहतात. दुसरीकडे उर्दूच्या वर्गात अमानत लखनवी यांची ‘इंदरसभा’ शिकवली जाते, परंतु तिच्यामुळे मराठीत काय घडले याचा उल्लेख क्वचितच होतो. घरी दख्खनी उर्दू, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड वापरणाऱ्या बेळगाव-निपाणी भागातील विद्यार्थ्याला ही दोन प्रकरणे एकाच इतिहासाची आहेत हे त्यामुळे कळतच नाही. प्रस्तुत लेखात या दुव्याचा पुनर्विचार केला आहे.

पारशी रंगभूमी : नाव आणि वास्तव

‘पारशी रंगभूमी’ हे नाव मालकीवरून पडले. कंपन्यांचे मालक व सुरुवातीचे नट बहुतांशी पारशी होते; भाषा मात्र आधी गुजराती व नंतर प्रामुख्याने उर्दू होती. १८५३ मध्ये मुंबईत पारशी नाटक मंडळीचे प्रयोग सुरू झाले. त्याच वर्षी विष्णुदास भावे यांनीही आपली मंडळी मुंबईला नेऊन ग्रँट रोडवरील नाट्यगृहात खेळ केले होते आणि पुढे ‘गोपीचंद’ हे हिंदी नाटकही सादर केले. म्हणजे देवाणघेवाण प्रथमपासून दोन्ही बाजूंनी होती. १८६८ मध्ये व्हिक्टोरिया नाटक मंडळी स्थापन झाली. १८७१ मध्ये एदलजी खोरी यांच्या गुजराती नाटकाचा बेहरामजी मर्झबान यांनी केलेला उर्दू अनुवाद ‘सोने के मोल की खुर्शीद’ रंगमंचावर आला आणि उर्दू ही या रंगभूमीची मुख्य भाषा होत गेली. याचे कारण व्यावहारिक होते. गावोगाव फिरणाऱ्या कंपनीला अनेक प्रांतांत समजेल अशी भाषा हवी होती.

‘इंदरसभा’चे स्वरूप

अमानतांची ‘इंदरसभा’ ही लखनौची, १८५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील रचना. ती जवळजवळ संपूर्ण पद्यात असून गझल, ठुमरी, होरी, वसंत असे गानप्रकार तीत एकत्र आले आहेत. पुखराज, नीलम, लाल व सब्ज या चार पऱ्या इंद्राच्या दरबारात येऊन गातात. सब्जपरीचे गुलफाम या मानव राजपुत्रावर प्रेम बसते. गुपित फुटताच इंद्र गुलफामला विहिरीत टाकतो आणि परीचे पंख छाटून तिला हाकलतो. शेवटी जोगिणीच्या वेषात गाऊन ती इंद्राला प्रसन्न करते व प्रियकराला सोडवते. इंद्र हिंदू पुराणातला, परी व काफ पर्वत फारसी कथांतले, होरी ब्रजची. या मिश्रणाबद्दल त्या काळच्या प्रेक्षकाला काही वावगे वाटले नाही.

या नाटकाच्या जन्मकथेचाही येथे विचार करावा लागतो. वाजिद अली शाहच्या दरबारात एका फ्रेंच माणसाच्या सूचनेवरून, युरोपीय ऑपेराच्या धर्तीवर ते रचले गेले, असा समज उर्दूत दीर्घकाळ होता. मसऊद हसन रिझवी ‘अदीब’ यांनी तो साधार खोडून काढला आणि ‘इंदरसभा’ ही दरबाराबाहेरच्या, लोकांच्या रंगमंचाची निर्मिती असल्याचे दाखवले. प्रभावाची सोपी गोष्ट तपासल्याशिवाय स्वीकारू नये, हा धडा मराठी अभ्यासकानेही घ्यावा असा आहे.

किर्लोस्करांनी काय घेतले

किर्लोस्करांचा जन्म १८४३ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. पुण्यापूर्वी बेळगावातच त्यांनी हौशी मंडळी काढून नाटके केली. ‘शांकरदिग्जय’ हे त्यांचे १८७३ चे नाटक गद्य होते. भाव्यांच्या पद्धतीत पदे सूत्रधार गात असे आणि पात्रे त्या अनुषंगाने आयत्या वेळी बोलत. ‘इंद्रसभे’त किर्लोस्करांनी पाहिले ते हे की पात्र स्वतःच आपली भावना गाते आणि गाण्यातूनच कथानक पुढे सरकते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले, तेव्हा सूत्रधार नांदी-प्रस्तावनेनंतर बाजूला झाला आणि दुष्यंत, कण्व, शकुंतला स्वतः गाऊ लागले. मराठी संगीत नाटकाची ही खरी सुरुवात.

हे ऋण रचनेचे आहे, आशयाचे नाही. कथा कालिदासाची राहिली. ‘इंदरसभे’त नसलेला लिखित गद्य संवाद किर्लोस्करांनी पदांच्या जोडीला आणला. चाली तर त्यांनी उर्दू रंगभूमीवरून सरसकट उचलल्या नाहीत. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत या कीर्तनातील परिचित वृत्तांबरोबर लावणीच्या व कन्नड पदांच्या चाली त्यांनी वापरल्या. कन्नड मुलखात वाढलेल्या माणसाच्या कानात त्या आधीपासून होत्या. म्हणजे मराठी संगीत नाटकाच्या पायात उर्दू नाटकाची कल्पना आणि सीमाभागाचा कान अशा दोन्ही गोष्टी आहेत. यांपैकी एकच सांगणे हा इतिहासाचा अर्धा भाग होय.

पुढचा प्रवाह

चालींचे प्रत्यक्ष ऋण नंतरच्या पिढीत वाढले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘वीरतनय’पासून (१८९६) पारशी-उर्दू नाटकांच्या चाली मराठीत उघडपणे आल्या. ‘मानापमान’साठी (१९११) गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचा आधार घेतला. बोलपटाच्या आरंभी, १९३२ मध्ये, मादन कंपनीचा सुमारे ७० गाण्यांचा ‘इंद्रसभा’ आणि कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हे दोन्ही चित्रपट आले. नायक-नायिकेने गाऊन बोलण्याची सवय या दोन्ही रंगभूमींनी प्रेक्षकाला आधीच लावली होती.

समीक्षेतील दोष

एवढा ठळक संबंध दुर्लक्षित का राहिला? याचे एक उत्तर समीक्षेच्या मोजपट्टीत आहे. कोल्हटकरांवर पारशी वळणाच्या हलक्या चाली आणल्याचा आक्षेप घेतला गेला. उर्दूतही पारशी कंपन्यांची नाटके बाजारू, भडक व पैशासाठी लिहिलेली म्हणून साहित्याबाहेर ठेवली गेली. आगा हश्र काश्मिरी यांच्यासारख्या नाटककाराची लोकप्रियता मान्य झाली, पण सन्मान उशिरा मिळाला. भाषा दोन, पण निकाल एकच. ज्या वस्तूला दोन्ही घरांनी हलकी म्हटले, तिची मालकी कोणीच सांगितली नाही आणि तिच्यामुळे जुळलेला संबंधही विस्मृतीत गेला.

या नाटकांतील भडकपणा खरा होता. यंत्रांनी घडवलेले चमत्कार, ओढूनताणून आणलेला विनोद, प्रसंगाला न शोभणारी गाणी हे दोष कोणीही नाकारू नयेत. परंतु दोषांवरून प्रभाव मोजता येत नाही. दुसरे कारण साधनांचे आहे. धनजीभाई पटेल यांचा ग्रंथ गुजरातीत, अब्दुल अलीम नामी यांचे ‘उर्दू थिएटर’चे खंड उर्दूत, तर किर्लोस्करांविषयीची साधने मराठीत. तिन्ही लिप्या वाचणारा अभ्यासक विरळा.

याच्या उलट टोकाची भूमिकाही टाळावी लागेल. मराठी संगीत नाटक म्हणजे उर्दू नाटकाची नक्कल, असा अभिमान काही वेळा बोलून दाखवला जातो. वर दिलेला तपशील त्याला आधार देत नाही.

समारोप

सीमाभागात भाषा हा वादाचा विषय आहे आणि तेथील मुस्लिम विद्यार्थ्याला अनेकदा एकच भाषा आपली म्हणून निवडायला सांगितले जाते. किर्लोस्करांचे उदाहरण वेगळे सांगते. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या एका ब्राह्मण नाटककाराने पारशी मालकांच्या कंपनीने केलेले, लखनौच्या मुस्लिम कवीचे उर्दू नाटक पाहून, कन्नड चालींचा वापर करत संस्कृत कथेवर मराठी नाटक रचले. यासाठी त्याला कोणतीही भाषा सोडावी लागली नाही.

महाविद्यालयीन पातळीवर यातून करण्याजोगे काम साधे आहे. मराठी व उर्दू विभागांनी ‘इंदरसभा’ आणि ‘शाकुंतल’ यांचा एकेक प्रवेश एकत्र शिकवावा. उर्दू वाचणाऱ्यांनी मूळ पाठ वाचून दाखवावा, मराठीच्या विद्यार्थ्यांनी पदांची वृत्ते ओळखावीत आणि कन्नड जाणणाऱ्यांनी चालींचा शोध घ्यावा. तिन्ही भाषांचे विद्यार्थी एकाच वर्गात बसतात, अशी महाविद्यालये या भागात आहेत. इतरत्र सहज न मिळणारी ही सोय अभ्यासासाठी वापरली जावी, एवढीच अपेक्षा.