कठिनतेचा आकडा आणि नायट्राइड लेपांची रचना

संक्रमण धातूंच्या नायट्राइड लेपांवरील शोधनिबंधांत कठिनतेच्या आकड्यास जो मान मिळतो, तो त्यास शोभतो काय, याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप दिलेला ड्रिल बिट आज विसरवाडीसारख्या गावच्या कार्यशाळेसही अपरिचित नाही. परंतु त्या सोनेरी रंगाखालील दोन-तीन मायक्रॉनांत काय घडते, हा प्रश्न आकड्याने मिटत नाही. उलट तेथूनच तो सुरू होतो.

हेल्मर्सन व त्यांचे सहकारी यांचा १९८७ सालचा निबंध या विषयात आधारभूत मानला जातो. टायटॅनियम नायट्राइड व व्हॅनेडियम नायट्राइड यांचे थर एकाआड एक रचून, ५.२ नॅनोमीटर आवर्तनास त्यांना दर चौरस मिलिमीटरला ५५६० किलोग्रॅम इतकी कठिनता आढळली. त्याच घटकांच्या समप्रमाण मिश्रणाची मात्र २०३५. द्रव्ये तीच, फरक केवळ रचनेचा. निबंधाचे खरे मर्म हेच होय. तथापि मूळ लेखकांनी ५५६० या आकड्यापुढे १००० ची त्रुटीमर्यादा प्रामाणिकपणे नोंदविली होती. ती वगळून केवळ आकडा उद्धृत करणे म्हणजे निम्मे वाक्य वाचणे होय.

ही मर्यादा एवढी मोठी का असते, हे साध्या हिशेबाने कळते. आधारद्रव्याचा प्रभाव टाळण्यासाठी खाचेची खोली लेपाच्या जाडीच्या एक-दशांशाहून अधिक नसावी, असा संकेत आहे. दोन मायक्रॉन लेपावर ही खोली ०.२ मायक्रॉन. व्हिकर्स खाचेचा कर्ण खोलीच्या सातपट, म्हणजे १.४ मायक्रॉन. प्रकाश-सूक्ष्मदर्शकातून तो मोजताना ०.३ मायक्रॉनांची चूक सहज होते. कठिनता कर्णाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने आकडा चाळीस टक्क्यांच्या आसपास डळमळतो!

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. आयनांच्या माऱ्याखाली वाढलेल्या लेपात कित्येक गिगापास्कल संपीडक प्रतिबल साठते आणि जालकदोषही वाढतात. दोन्हींमुळे कठिनता वाढलेली दिसते. असा टायटॅनियम नायट्राइडचा लेप तापविला की दोष निवतात आणि कठिनता घसरते. म्हणजे ती द्रव्याची नव्हती, निर्मितिपद्धतीची होती. टायटॅनियम-अल्युमिनियम नायट्राइडचे वर्तन मात्र निराळे. माइर्होफर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखविल्याप्रमाणे, तापविताना त्याच्या घनाकृती घन विद्रावात अल्युमिनियमबहुल व टायटॅनियमबहुल सूक्ष्म प्रदेश विलग होतात. त्यांच्यातील जालक-विसंगती स्थानभ्रंशांची वाट अडविते आणि कठिनता वाढते. तापमान आणखी चढल्यास अल्युमिनियम नायट्राइड षट्कोणी रूप घेते, आकारमान फुगते, आणि हा लाभ ओसरतो. कठिनतेचे कारण रचनेत शोधावयाचे ते असे. तापविण्यापूर्वीचा एकच आकडा छापणाऱ्या निबंधास या भेदाचा पत्ताही लागत नाही.

नॅनो-खाचयंत्र जवळ नसलेल्या, विसरवाडीसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याने यामुळे खचण्याचे कारण नाही. पातळ पट्टीवर लेप देऊन तिची वक्रता मोजावी. स्टोनी यांच्या १९०९ च्या सूत्राने प्रतिबल मिळते, आणि क्ष-किरण विवर्तनाने प्रावस्था कळते. कठिनतेच्या तक्त्यात प्रतिबल, भार, खाचेची खोली व लेपाची जाडी हे चार रकाने रिकामे असतील, तर परीक्षकाने निबंध परत पाठवावा.