डार्विनचे दवबिंदू आणि त्याची जमीन

चार्ल्स डार्विनचा कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथ १८७५ साली प्रसिद्ध झाला. दवबिंदू, म्हणजेच ड्रॉसेरा, या वनस्पतीबद्दल आपण वर्गात जे सांगतो त्याचा बराचसा भाग या ग्रंथातून आलेला आहे. म्हणून शिक्षकाने तो पारखून घ्यायला हवा.

ग्रंथाचा निम्म्याहून अधिक भाग गोल पानांच्या एकाच जातीला दिलेला आहे. १८६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील ससेक्सच्या माळावर डार्विनने बारा रोपे गोळा केली. त्यांच्या ५६ पानांपैकी ३१ पानांवर मेलेले कीटक किंवा त्यांचे अवशेष चिकटलेले होते. येथून प्रश्नांची मालिका सुरू होते. पानावर दूध, अंड्याचा पांढरा बलक किंवा मांसाचा कण ठेवला, की टोकाशी चिकट थेंब असलेले केस आत वळतात. साखर, पिष्ट किंवा गोंद यांचे पाणी ठेवले तर वळत नाहीत. माणसाच्या केसाचा अतिसूक्ष्म तुकडाही त्यांना वळवतो. पावसाच्या थेंबांनी मात्र ते हलत नाहीत. असे का, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे.

प्रयोग कसा रचावा, याचा हा ग्रंथ म्हणजे उत्तम वस्तुपाठ आहे. त्याची उणीव वेगळीच आहे. ही वनस्पती निकस, पाणथळ जमिनीत वाढते, तिची मुळे अगदी लहान असतात आणि कीटकांमुळे ती अशा जागी तग धरते, हे डार्विन पहिल्याच प्रकरणात सांगतो. पुढे मात्र तो जमिनीकडे क्वचितच वळतो. कीटक मिळाल्याने रोपाचा खरोखर फायदा होतो, याचा थेट पुरावाही येथे नाही. तो त्याचा मुलगा फ्रान्सिस याने १८७८ मध्ये दिला. मांसाचे कण दिलेल्या रोपांच्या बियांचे एकूण वजन उपाशी ठेवलेल्या रोपांच्या तिपटीहून अधिक भरले.

आपल्या पाठांनी डार्विनचे प्रयोग उचलले नाहीत, त्याची उणीव तेवढी उचलली. ‘ही वनस्पती किडे खाऊन जगते’, एवढेच मुलांच्या लक्षात राहते. वास्तविक दवबिंदू आपली कर्बोदके प्रकाशसंश्लेषणानेच तयार करते. कीटकांतून तिला मिळतात ती मुख्यतः नत्र आणि स्फुरद. कीटकांवर किती अवलंबून राहायचे, हे जागेवर ठरते. स्वीडनमधील दलदलींत केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाबरोबर प्रदूषणाचे नत्र जेथे कमी पडत होते, तेथील रोपे निम्म्याहून अधिक नत्र कीटकांतून घेत होती. जेथे ते जास्त पडत होते, तेथे हे प्रमाण बरेच घटले होते.

आपल्याकडे साताऱ्याजवळच्या कास पठारावर बर्मानी आणि इंडिका या दवबिंदूच्या दोन जाती आढळतात. खाली जांभा खडक, वर मातीचा पातळ थर आणि पावसाळाभर साचलेले पाणी, अशी ही जागा. अशा जमिनीला आपण सहज ‘पडीक’ म्हणतो. तिच्यावर भराव टाकला, खत पसरले, तर दांडगे गवत माजते आणि ही लहानशी वनस्पती त्याखाली झाकली जाते.

म्हणून हा पाठ जमिनीपासून सुरू करावा. सहलीत रोप उपटून आणू नये; बागेतल्या खतावलेल्या मातीत ते जगत नाही. त्याऐवजी रोपाशेजारची माती किती खोल आहे, ते मुलांना काडीने मोजू द्यावे आणि मोठी झाडे तेथे का नाहीत, हे त्यांनाच विचारावे.