‘जेव्हा माणूस जागा होतो’ : भूगोल, समाज आणि राष्ट्रीय अस्मिता

राष्ट्रीय अस्मितेच्या चर्चेत पालघर परिसराचा उल्लेख बहुधा बोईसरजवळील तारापूरमुळे होतो. १९६९ मध्ये कार्यान्वित झालेले तेथील अणुवीज केंद्र देशातील पहिले होय. पुढच्याच वर्षी गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ प्रसिद्ध झाले. तत्कालीन ठाणे, आणि २०१४ पासून पालघर, जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या डोंगरपट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्ये उभ्या राहिलेल्या वारली लढ्याचे हे अनुभवकथन. १९७२ मध्ये त्यास साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तथापि ‘चळवळीचा दस्तऐवज’ एवढीच त्याची ओळख अपुरी ठरते. परकीय सत्तेचा अंत म्हणजे सावकार-जमीनदारांच्या वेठीचा अंत नव्हे, हे या कृतीचे मर्म आहे. येथे भूगोल निव्वळ पार्श्वभूमी राहत नाही. जमीन, जंगल व गवत यांवर हक्क कोणाचा, यावर माणसाचे नागरिकत्व ठरते. अर्थात, हे कथन प्रमाण मराठीत, बाहेरून आलेल्या कार्यकर्तीच्या दृष्टीतून घडते. परिणामी वारली माणसाचा शब्द मध्यस्थामार्फतच वाचकापर्यंत पोहोचतो, ही मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. तरीही किनाऱ्यावरील अणुभट्टी आणि डोंगरातील हा लढा एकत्रितपणे वाचल्याखेरीज या भूमीचे, पर्यायाने राष्ट्राचे, आकलन पूर्ण होणार नाही, असे म्हणणे वावगे ठरू नये.