हळदीचं पेटंट: परीक्षक झोपला होता का?

हळदीच्या पेटंटची गोष्ट आपल्याकडे कुठल्याही सेमिनारला ऐकायला मिळते. अमेरिकेने हळद पळवली, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर लढली, हळद परत आली. टाळ्या! गोष्ट खोटी नाही, पण संशोधन करणाऱ्याच्या कामाचा प्रश्नच त्यातून गळतो. मुळात ते पेटंट मिळालं कसं?

१९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकी पेटंट मिळालं. दोन्ही संशोधक भारतीय वंशाचे. भारतात मुरगळणं आणि सूज यांवर हळद वापरतात, हे पेटंटच्या मजकुरातच लिहिलेलं आहे. म्हणजे लपवाछपवी नव्हती. पण मुरगळणं म्हणजे जखम नव्हे. दावा नवीन नाही म्हणायचं, तर त्यातली प्रत्येक बाब आधीच्या एकाच संदर्भात सापडावी लागते. 'साधारण असंच काहीतरी होतं' एवढ्यावर भागत नाही. 'हे तर जाणकाराला सहज सुचेल' असा दुसरा आक्षेप घेता येतो, पण त्यालाही आधार लागतो.

मला सगळ्यात खटकते ती तेव्हाच्या अमेरिकी कायद्यातली एक अट. एखादी गोष्ट अमेरिकेत लोकांच्या माहितीत किंवा वापरात असेल, तर ती 'प्रायर आर्ट', म्हणजे आधीचं ज्ञान. अमेरिकेबाहेरचा नुसता वापर मात्र धरायचा नाही. तिथलं पेटंट किंवा छापील प्रकाशनच हवं. थोडक्यात, खरचटलेल्या गुडघ्यावर आजीने दाबलेली चिमूटभर हळद कायद्याच्या लेखी घडलीच नव्हती! ही भौगोलिक अट २०१३ मध्ये गेली.

म्हणून १९९६ मध्ये फेरतपासणी मागताना सीएसआयआरने 'हे तर घरोघरी माहीत आहे' एवढंच म्हणून भागवलं नाही. ३२ संदर्भ दिले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही. १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने दावे फेटाळले.

पुढे आलेली पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी, टीकेडीएल, याच धड्यातून उभी राहिली. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतले योग इंग्रजी, जर्मन, जपानी अशा भाषांत परीक्षकांसमोर ठेवायचे. काम मोठंच आहे. पण तिचा आधार मुख्यतः ग्रंथ. पोथीत कधी न आलेलं, एखाद्या पाड्यावरच्या वैदूच्या तोंडी असलेलं औषध आजच्या कायद्यात मोजता येईल, पण परीक्षकाला ते सापडणार कुठे?

आणि परीक्षकाला हसण्याआधी माझंच सांगतो. सिनॉप्सिसमध्ये 'या विषयावर आधी काम झालेलं नाही' हे वाक्य मीही ठोकून दिलं होतं. गाईड सरांनी एवढंच विचारलं, "कुठे कुठे शोधलंस?" दोन इंग्रजी डेटाबेस. मराठीतला एकही प्रबंध मी उघडला नव्हता.